लेकीला, सुनेला शिक्षिका करायचंय? मग पैशाचं गणित आधी मांडा

(सामुदायिक रेडिओवरच्या 'गटाची बैठक' या कार्यक्रमातलं भाषण)

दुपारची भांडी आवरून, नाहीतर शेळ्या सावलीला बांधून रेडिओ लावला असेल तुम्ही. आज मी योजनेचं पत्रक वाचून दाखवायला आलेली नाही. माझ्या घरात दोन पोरी मास्तरीण व्हायला शिकल्या, एक माझी थोरली लेक आणि दुसरी माझी सून. एकीच्या वेळी आम्ही चुकलो, दुसरीच्या वेळी जरा शहाणे झालो. तेच सांगायला आलेय.

थोरलीला पहिली-दुसरीची लहान पोरं शिकवायची हौस. बी.ए. झाली आणि तालुक्याला कुणीतरी म्हणालं, बी.एड. करा, कॉलेजात जागा मिळवून देतो. परीक्षेची फेरी नको, रांग नको, व्यवस्थापनाच्या कोट्यातून प्रवेश. आम्हाला वाटलं, बरं झालं. माझ्या पाटल्या मोडल्या, गटाचं कर्ज काढलं, रोख पैसे दिले. निम्म्या पैशाची पावतीच मिळाली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज करायला गेलो, तर कळलं की या कोट्यातल्या प्रवेशाला ती मिळत नाही. पुढं ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. चालणार नाही, डी.एल.एड. लागेल. म्हणजे पैसा गेला आणि जे वर्ग तिला हवे होते, त्यांचं दारही बंद झालं. त्या रात्री पोर जेवली नाही. मला म्हणाली, "आई, तू पाटल्या मोडायला नको होत्यास."

म्हणून पहिली गोष्ट. पैसे कुठून आणायचे हे नंतर, आधी कोणता कोर्स हे ठरवा. पहिली ते पाचवी शिकवायचं असेल तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे आपण ज्याला डी.एड. म्हणायचो ते. हायस्कूलला शिकवायचं असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. आठवीपर्यंत शिकवायचं तर टीईटी पास व्हावं लागतं, आणि सरकारी भरतीसाठी टेट नावाची वेगळी परीक्षा असते. दोन्ही नावं सारखी वाटतात, पण परीक्षा वेगळ्या आहेत. कॉलेजला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, हेही आधी बघा.

दुसरी गोष्ट, प्रवेश सरकारी फेरीतूनच घ्या. बी.एड.ला सीईटी द्यावी लागते, मग केंद्रीय प्रवेश फेरी होते. त्या फेरीतून जागा मिळाली तरच बहुतेक सवलती मिळतात. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याच्या वर देणगी मागणं हा 1987 च्या कायद्यानं गुन्हा आहे. कुणी मागितली तर "पावती द्या" एवढं तरी ठामपणे म्हणा. आम्ही ते म्हटलं नाही.

तिसरी गोष्ट, कर्जाआधी शिष्यवृत्ती. अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरायचा. अनुसूचित जाती आणि जमातीच्या मुलांना घरचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय फेरीतून प्रवेश घेतलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकारनं पूर्ण माफ केली आहे. इथंही उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. आपलं कॉलेज आणि आपला कोर्स पोर्टलच्या यादीत आहे ना, हे जागा पक्की करण्याआधी बघून घ्या. वसतिगृहाच्या खर्चासाठी अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे.

कागद आत्तापासून गोळा करा: तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रीमी लेयर, रहिवासी दाखला आणि आधारला जोडलेलं मुलीच्याच नावाचं बँक खातं. दुसऱ्या वर्षी अर्ज पुन्हा भरावा लागतो. तो राहिला की पैसे अडकतात.

आता सुनेची गोष्ट. तिला हायस्कूलला गणित शिकवायचं होतं. 2022 ला सीईटी दिली, फेरीतून जागा मिळाली, निम्मी फी शिष्यवृत्तीतून गेली. उरलेली फी, वसतिगृह, मेस, पुस्तकं असे दीड लाख कमी पडत होते. गटातून काढायचे म्हटले तर आपला दर शेकडा दोन. म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. बँकेचं शैक्षणिक कर्ज साधारण दहा टक्क्यांच्या आसपास पडलं. वीस हजारांवर बघा, गटाला वर्षाचं व्याज चार हजार आठशे, बँकेला दोन हजार. गट अडीनडीला आहे, दोन वर्षांच्या शिक्षणाला नाही.

बँकांच्या नमुना योजनेत चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि आपला वेगळा हिस्साही भरावा लागत नाही. आईबाप, नाहीतर नवरा सहकर्जदार लागतो. त्याचं सिबिल बघतात. मायक्रोफायनान्सचे हप्ते थकलेले असतील तर तिथं अडतं, म्हणून ते आधी मिटवा. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. पीएम विद्यालक्ष्मी नावाची नवी योजना आहे, पण ती यादीतल्या निवडक संस्थांसाठी. आपल्याकडची बरीच कॉलेजं त्यात नसतात, म्हणून नुसत्या नावावर भरवसा ठेवू नका. शाखेनं नाही म्हटलं तर कारण लेखी मागा. बँकेकडे केलेल्या तक्रारीचं 30 दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे.

आता मुद्द्याचं. कोर्स चालू असेपर्यंत आणि पुढं एक वर्ष हप्ता भरायचा नसतो. पण व्याजाचं मीटर चालूच असतं! सुनेला पहिल्या वर्षी 75 हजार आणि दुसऱ्या वर्षी 75 हजार मिळाले. दहा टक्क्यांनी तीन वर्षांत 37,500 रुपये व्याज चढलं असतं आणि कर्ज 1,87,500 झालं असतं. पाच वर्षांत फेडायचं तर महिन्याला जवळजवळ चार हजारांचा हप्ता. आम्ही काय केलं, दुधाच्या पैशातून व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं. पहिल्या वर्षी सव्वासहाशे, नंतर साडेबाराशे. म्हणून आज हप्ता बत्तीसशेच्या आसपास आहे. असं व्याज भरत राहिलं तर काही बँका दरातही थोडी सवलत देतात. ते विचारून घ्या.

आणि पगाराचा अंदाज खरा ठेवा. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकला 16 हजार आणि माध्यमिकला 18 हजार मानधन. ते 2023 मध्ये वाढलं, त्याआधी सहा आणि आठ हजार होतं. सुनेला अजून ती नोकरीही लागलेली नाही. खासगी शाळेत कमी पगारावर शिकवते आणि रात्री टेटचा अभ्यास करते. तिच्या पगारात हप्ता बसतो, कारण कर्ज बेतानं काढलं. उद्या नाही जमलं तर हप्ता चुकण्याआधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागायची, हे आम्ही ठरवून ठेवलंय.

थोरलीचं काय, असं विचाराल. ती हल्ली गावातल्या पोरींचे महाडीबीटीचे अर्ज भरून देते. परवा एकीची आई कोट्यातल्या जागेसाठी डोरलं मोडायला निघाली होती. थोरलीनं तिला घरी बसवलं, चहा दिला आणि स्वतःची फाईल दाखवली. ती बाई डोरलं घेऊन परत गेली. पोर आता सीईटी देणार आहे.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. गटातल्या कुणाची लेक-सून यंदा बारावी, नाहीतर पदवी पास होतेय, ते लिहून घ्या. त्यांचे दाखले कुठवर आलेत ते विचारा, आणि तहसीलला जायचं तर दोघी-तिघी मिळून जा.

येते मी. नमस्कार.