पत्त्याच्या पट्टीतील दोन अक्षरे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘विद्यार्थी आणि संगणक’ या विषयावर मी बोलावे, असा निरोप संस्थेच्या चिटणीसांनी मला धाडला होता. विषय मोठा आहे. परंतु मोठ्या विषयावर भाषण झाले की टाळ्या पडतात आणि श्रोता रिकाम्या हाताने घरी जातो, असा माझा अनुभव आहे. म्हणून त्यांच्या परवानगीने मी विषय अगदी लहान केला आहे. संगणकावर ब्राउझर उघडल्यावर वरच्या बाजूस जी लांब पट्टी दिसते, जिच्यात आपण संकेतस्थळाचा पत्ता लिहितो, तिला दोन अक्षरांचे शॉर्टकट कसे शिकवावेत, एवढेच मी आज सांगणार आहे.

एवढ्याशा गोष्टीसाठी मेळाव्याचा वेळ का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर म्हणून एक घडलेली हकीकत सांगतो.

माझ्या ओळखीच्या एका घरातील मुलगी बारावीनंतर पुढे शिकू लागली. वडील रिक्षा चालवितात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता आणि मुदतीला दोनच दिवस उरले होते. मुलीने शोधयंत्रात योजनेचे नाव लिहिले आणि सर्वांत वर जो दुवा आला तो उघडला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिले होते; म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. ते तिच्या ध्यानात आले नाही. पान सरकारी पानासारखेच दिसत होते. तिने नाव, आधार क्रमांक, बँकेचा तपशील, सर्व काही भरले, ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून ३५० रुपये भरले आणि पावतीही मिळविली. महिनाभराने कॉलेजात चौकशी केली, तेव्हा कळले की खऱ्या स्थळावर तिचा अर्ज पोहोचलेलाच नाही. मुदत केव्हाच टळली होती. त्या वर्षीची फी वडिलांनी उसनवारी करून भरली.

या मुलीचा दोष काय? ती हुशार आहे, कष्टाळू आहे. परंतु प्रत्येक कामासाठी शोधयंत्राच्या दारात उभे राहावयाचे आणि ते ज्या बाजूला बोट दाखवील तिकडे जावयाचे, हीच सवय आपण तिला लावली. घराचा पत्ता ठाऊक असताना रोज नाक्यावर जाऊन वाट विचारणारा मनुष्य केव्हा तरी चुकीच्या माणसाला विचारणारच.

आता ही सोय काय आहे ते पाहू. समजा, आपल्याला मराठी विकिपीडियावर ‘पानिपत’ हा शब्द पाहावयाचा आहे. नेहमीची रीत अशी, की शोधयंत्रात शब्द लिहावयाचा, दहा दुवे येतात, त्यांतून विकिपीडियाचा दुवा निवडावयाचा; तो इंग्रजी निघाला तर परत फिरून मराठी शोधावयाचा. शॉर्टकट केलेला असेल, तर पट्टीत ‘एमडब्ल्यू’ ही दोन इंग्रजी अक्षरे, मग एक मोकळी जागा, मग ‘पानिपत’ असे लिहून एंटर दाबले की मराठी विकिपीडियाचाच शोध समोर येतो. मध्ये कोणी जाहिरातदार नाही, मध्यस्थ नाही.

यामागची युक्ती समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. एखाद्या संकेतस्थळाच्या शोधचौकटीत आपण शब्द लिहितो, तेव्हा पुष्कळदा तो शब्द पुढच्या पानाच्या पत्त्यातच जाऊन बसतो. पत्त्यात प्रश्नचिन्ह दिसते आणि त्याच्या पुढे कोठे तरी आपला शब्द असतो. बाकीचा पत्ता दर वेळी तोच. बदलतो तो फक्त शब्द. मग त्या शब्दाच्या जागी एक खूण ठेवून दिली आणि ब्राउझरला सांगितले की ‘येथे मी सांगेन तो शब्द भर’, तर काम झाले. ती खूण म्हणजे टक्क्याचे चिन्ह आणि त्याला लागूनच लहान लिपीतला इंग्रजी एस. ज्यांनी सी ही संगणकाची भाषा शिकली असेल, त्यांना ही जोडी ओळखीची वाटेल. तेथेही मजकूर भरण्याची जागा याच खुणेने दाखवितात.

आता कृती सांगतो. विद्यार्थ्यांनी ती वहीत उतरवून घ्यावी.

पहिली पायरी दोन्ही ब्राउझरांना सारखीच आहे. हव्या त्या संकेतस्थळावर जा आणि त्याच्या शोधचौकटीत एक निरर्थक इंग्रजी शब्द लिहा; उदाहरणार्थ, झेड हे अक्षर ओळीने पाच वेळा. मराठी शब्द लिहू नका, कारण पत्त्याची नक्कल करताना मराठी अक्षरांचे रूपांतर टक्क्यांच्या आणि आकड्यांच्या लांबलचक माळेत होते व आपला शब्द ओळखू येत नाही. अर्थाचा शब्दही नको. त्या नावाचा लेख असला तर विकिपीडिया थेट लेखावरच नेऊन सोडते. शोधाचे पान आले की वरचा संपूर्ण पत्ता उचला आणि त्यातील पाच झेडच्या जागी ती टक्का-एसची खूण लिहा. हा आपला साचा तयार झाला.

क्रोम वापरीत असाल, तर सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’ या भागात जा. तेथे ‘मॅनेज सर्च इंजिन्स अँड साइट सर्च’ असे लिहिलेले सापडेल. त्यात ‘साइट सर्च’ या मथळ्यासमोरील ‘अॅड’ दाबा. तीन रकाने येतील. पहिल्यात नाव, दुसऱ्यात शॉर्टकटची दोन अक्षरे, तिसऱ्यात आपला साचा. जतन करा. यापुढे पट्टीत ती दोन अक्षरे लिहून स्पेस किंवा टॅब दाबली की पट्टीत त्या स्थळाचे नाव उमटते. मग शब्द लिहावा. स्पेस दाबून काही झाले नाही तर टॅब दाबून पाहावे.

फायरफॉक्समध्ये हे काम बुकमार्कच्या साहाय्याने होते. त्या पानाचा बुकमार्क करा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि ओ या कळा एकत्र दाबा. बुकमार्कांची यादी उघडेल. आपला बुकमार्क निवडला की खाली नाव, पत्ता, टॅग आणि कीवर्ड असे रकाने दिसतात. पत्त्याच्या रकान्यात साचा लिहा, कीवर्डच्या रकान्यात दोन अक्षरे लिहा.

शॉर्टकट एकाच अक्षराचा करू नये. साधा शोध घेतानाही वाक्य एखाद्या सुट्या अक्षराने सुरू होऊ शकते आणि घोटाळा होतो. दोन अक्षरे पुरेत. विंडोजवर मराठी कळफलक घेतलेला असेल, तर विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजीवरून मराठीवर जाता येते.

कोणते शॉर्टकट करावेत? माझ्या मते विद्यार्थ्याने तिनापासून सुरुवात करावी. पहिला, मराठी विकिपीडियाचा. ती २००३ साली सुरू झाली. दुसरा, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची आहे. तिसरा, प्लॅट्सच्या १८८४ सालच्या उर्दू-इंग्रजी कोशाचा. हे दोन्ही कोश अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाने आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेविले आहेत. आपल्यापैकी कित्येक घरांत मुले शाळेत मराठी आणि घरी उर्दू किंवा दखनी बोलतात. अशा मुलांनी ‘अर्ज’, ‘वकील’, ‘कागद’ हे शब्द एकदा दोन्ही कोशांत पाहावेत. मोल्सवर्थने अनेक शब्दांपुढे मूळ अरबी की फारसी याची खूण केलेली आहे. घरची भाषा आणि शाळेची भाषा किती जवळ नांदतात, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. हे जाडजूड कोश विकत घेणे प्रत्येक घराला परवडणारे नाही. दोन अक्षरे लिहावयास मात्र एक पैसा पडत नाही.

आता शिष्यवृत्तीच्या अर्जाकडे परत येतो. तेथे शोध घ्यावयाचा नसतो, नेमक्या पानावर जावयाचे असते. म्हणून त्या पानाचा साधा बुकमार्क करावा. फायरफॉक्समध्ये त्याला कीवर्ड देता येतो. साच्याची गरज नाही. क्रोममध्ये पट्टीत ॲटचे चिन्ह आणि त्याला जोडून ‘बुकमार्क्स’ असे इंग्रजीत लिहून टॅब दाबले की आपल्याच बुकमार्कांत शोध घेता येतो. मात्र बुकमार्क करण्यापूर्वी पत्ता शिक्षकांना दाखवून खात्री करून घ्यावी. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल असो वा राज्याचे महाडीबीटी असो, पत्त्यातील मुख्य नावाचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा आहे हे पाहावे. चुकीच्या पत्त्याला शॉर्टकट दिला, तर आपण चुकीच्याच जागी अधिक लवकर पोहोचू!

या सोयीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काही संकेतस्थळांवर शोध घेतल्यावर पत्ता बदलतच नाही. तेथे हा साचा बनत नाही. तो नाद सोडून द्यावा. फोनवरील क्रोममध्ये असे शॉर्टकट संगणकाप्रमाणे करता येत नाहीत. फोनवर डकडकगो हे शोधयंत्र ठेवल्यास उद्गारचिन्ह आणि इंग्रजी डब्ल्यू लिहून पुढे शब्द लिहिला की विकिपीडियावर जाता येते. सार्वजनिक संगणकावर दुसऱ्याने केलेल्या शॉर्टकटवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पान उघडल्यावर पत्ता एकदा वाचावाच. आणि तेथे आपले खाते उघडून शॉर्टकट करीत बसू नये, कारण खाते उघडेच राहून जाण्याचा धोका असतो.

पालकांना माझी एक विनंती आहे. आपल्याला संगणक येत नाही म्हणून संकोच करू नका. आज घरी गेल्यावर मुलाला किंवा मुलीला म्हणा, ‘बेटा, ती दोन अक्षरांची गोष्ट मला करून दाखव.’ तो शब्द कोठून आला, हे पान कोणाचे, वर पत्ता काय लिहिला आहे, एवढे तीन प्रश्न विचारा. मुलांना समजावून सांगावे लागले की त्यांचेच ज्ञान पक्के होते. संस्थेच्या चालकांनाही मी सुचवितो, की वाचनालयातील संगणकांवर शिक्षकांनी तपासलेले असे शॉर्टकट आधीच करून ठेवावेत आणि त्यांची यादी भिंतीवर लावावी. त्यास खर्च शून्य आणि वेळ एका दुपारचा.

त्या मुलीविषयी सांगावयाचे राहिले. दुसऱ्या वर्षी तिने अर्ज मुदतीच्या तीन आठवडे आधी भरला, कॉलेजच्या बाईंकडून पत्ता तपासून घेऊन, स्वतःच्या बुकमार्कवरून. शिष्यवृत्ती मंजूर झाली. आता मोहल्ल्यातील धाकट्या मुली अर्ज भरावयाच्या वेळी तिच्याकडे येतात. ती त्यांना प्रथम अर्ज दाखवीत नाही. वरच्या पट्टीवर बोट ठेवते आणि म्हणते, ‘आधी हे वाच.’