कानाला हेडफोन लावलेल्या पोरी

वाल सोलता सोलता, चुलीपाशी बसून तुम्ही आम्हाला ऐकता. आज आम्ही ऐकण्याबद्दलच बोलणार आहोत.

२ जानेवारीला आम्ही सिद्धगडाला गेलो होतो. १९४३ साली याच दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. येताना जीपमध्ये आमच्यातली एक म्हणाली, "त्या महायुद्धात बायका काय करत होत्या गं?" मग शोधायला लागलो.

इंग्रजांच्या नौदलात बायकांचं दल होतं. त्यातल्या मुलींना रेन म्हणत. काही रेन वायरलेस शिकल्या होत्या. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. शत्रूची कट्ट-कडकट्ट कानावर आली की अक्षरं कागदावर उतरवायची. जपान्यांच्या खुणा तर इंग्रजीच्या २६ अक्षरांपेक्षा कितीतरी जास्त. मजकूर गुप्त लिपीत, त्यामुळे आपण काय लिहितोय ते लिहिणारीला कळायचं नाही. रात्रपाळी, खरखर, मध्येच आवाज बुडायचा. एक अक्षर सुटलं की पुढे अर्थ लावणारा अडकला.

हे आम्हाला चांगलं समजतं. मागच्या पावसाळ्यात एका आजीचं बोलणं आम्ही रेकॉर्ड केलं. तिचा भाऊ लढाईवर गेला होता. कुठे गेला ते तिने सांगितलं, पण नेमका तेव्हाच पत्र्यावर पाऊस कोसळला. हेडफोन लावून दहा वेळा ऐकलं, ते नाव काही लागेना. आवणी उरकल्यावर विचारायला गेलो, तर आजी गेली होती.

त्या रेन १९४१ मध्ये सिंगापूरला गेल्या. सिंगापूर पडायच्या आधी त्यांना कोलंबोला हलवलं. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबोवर जपानी विमानं आली, मग केनियात मोम्बासाजवळ किलिंदिनीला. १९४३ मध्ये पुन्हा कोलंबो. बिऱ्हाड पाठीवर, आपल्या वीटभट्टीवरच्या बायांसारखं!

काही तर पोचल्याच नाहीत. ऑगस्ट १९४१ मध्ये जिब्राल्टरला निघालेली अगिला नावाची बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. तीत २१ रेन आणि एक परिचारिका होती. एकही वाचली नाही. पुढे त्यांच्या आठवणीसाठी पैसे जमले आणि समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या एका बोटीला 'अगिला रेन' नाव दिलं. पुतळ्यापेक्षा हे आम्हाला जास्त आवडलं.

दिल्लीतही आनंद पर्वतावर असं ऐकण्याचं मोठं केंद्र होतं.

पण ऐकणारे सगळे एकाच बाजूचे नसतात. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. बातम्या, भाषणं, सगळं चोरून. पोलीस त्यांचं बोलणं टिपून घेत आणि यंत्राची जागा हुडकत फिरत. म्हणून हे लोक पुन्हा पुन्हा जागा बदलत. १२ नोव्हेंबरला धाड पडलीच. चौकशीत उषाताई गप्प राहिल्या. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात राहिल्या, १९४६ मध्ये सुटल्या. आज आपण परवाना घेऊन, नाव सांगून माईकसमोर बसतो, तेव्हा आम्हाला त्यांची आठवण होते.

रेनही गप्पच राहिल्या, पण वेगळ्या कारणाने. गुप्ततेची शपथ होती. युद्ध संपलं, लग्नं झाली, नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. पुढे १९७० नंतर हे गुपित हळूहळू फुटलं. ब्रिटिश सरकारने या गुप्त कामातल्या हयात माणसांना स्मृतिचिन्ह दिलं ते थेट २००९ मध्ये! तोवर किती जणी उरल्या असतील?

तुमच्या घरात नव्वदीची आजी असेल, तिला बेचाळीसचं काही आठवत असेल, तर आम्हाला निरोप द्या. आम्ही मशीन घेऊन येऊ. पावसाळ्याच्या आत येऊ.