रक्तवाहिन्यांचा दाह आणि आपला कान



इ. स. १९३७ मध्यें इस्तंबूल येथील त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेह्चेत यांनीं एका विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. तोंडांत वारंवार येणारे व्रण, गुह्येंद्रियावरील व्रण आणि डोळ्यांचा दाह हीं त्याचीं तीन लक्षणें. पुढें त्या विकारास त्यांचेंच नांव मिळालें. तुर्कस्तानांत तो विशेष आढळतो. आपल्याकडे विरळा, पण अगदींच अपरिचित नव्हे. त्याचें मूळ रक्तवाहिन्यांच्या दाहांत आहे. धमनी असो वा शीर, लहान असो वा मोठी, कोणतीहि वाहिनी त्यांत सांपडूं शकते.

या त्रयींत कानाचा उल्लेख नाहीं, आणि घोटाळा होतो तो येथेंच. व्रण झोंबतात, डोळे लाल होतात, म्हणून रोगी डॉक्टरांकडे जातो. कान मात्र न दुखतां, न वाहतां आपलें काम सोडूं लागतो.

असें कां व्हावें? अंतःकर्णांत शंखाच्या आकाराची, सुमारें अडीच वेढ्यांची नळी असते, ती ऐकण्यासाठीं. तिच्याशेजारीं तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या तोल सांभाळण्यासाठीं. या सर्व यंत्रणेस रक्त पुरविणारी मुख्य धमनी एकच, आणि तीहि अतिशय बारीक. ज्या वाडीला एकच वाट, ती वाट तुटली म्हणजे वाडीची जी दशा होते, तीच दाहानें ही धमनी कोंदली असतां कानाची होते. शंखांतील सुमारें १५,००० केशपेशी नाजूक असतात. मनुष्याच्या कानांत त्या एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उत्पन्न होत नाहींत. म्हणून येथें काळाला फार मोल आहे.

हें बहिरेपण पुष्कळदां उंच स्वरांपासून सुरू होतें. रोग्यास बोलणें ऐकूं येतें, पण कळत नाहीं. 'स', 'श', 'फ' यांसारखे वर्ण गळून पडतात; 'सात' म्हटलें तर 'हात' ऐकल्याचा भास होतो. घरचीं माणसें म्हणतात, "याचें लक्षच नसतें." स्वतः रोग्यालाहि आपलें काय गेलें हें उमगत नाहीं. कोणाच्या कानांत सतत गुणगुण होते. कोणास घर फिरल्यासारखें वाटतें, अंधारांत जिना उतरतांना पाय चुकतो. त्यावर "पित्त झालें असेल" असें म्हणून लिंबाचें सरबत दिलें जातें, आणि मोलाचे दिवस हातचे जातात.

तेव्हां ज्यांना हा विकार जडला आहे, त्यांनीं कानाची तक्रार नसतांनाहि एकदां श्रवणमापन करून घ्यावें. पुढील तुलनेस तो आलेख फार उपयोगी पडतो. तीन दिवसांच्या आंत एखाद्या कानानें एकाएकीं ऐकूं येईनासें झालें, तर त्याच दिवशीं कानाच्या डॉक्टरांस गांठावें आणि मूळ रोगाची माहिती आपण होऊन सांगावी. चक्कर येण्याचें कारण कधीं कानांत नसून मेंदूच्या दाहांत असतें. म्हणून एक वस्तु दोन दिसूं लागली, बोलणें अडखळूं लागलें किंवा हातापायांची शक्ति गेली, तर थेट मोठें रुग्णालय गांठावें.

दाह शमविण्यासाठीं स्टेरॉइड व रोगप्रतिकाराच्या अतिरेकास आवर घालणारीं इतर औषधें देतात. तीं मनानें घेऊं नयेत, आणि चालू असल्यास एकाएकीं सोडूंहि नयेत. वेळीं उपचार झाले तर कांहीं जणांचें ऐकणें सुधारतें. सर्वांचेंच सुधारतें असें नाहीं. पण गेलेलें परत न आलें तरी श्रवणयंत्र आहे, त्यानें न भागल्यास शंखांत बसविण्याचें कॉक्लियर इम्प्लांट आहे, आणि तोल सांवरण्यास शिकविणारे व्यायामहि आहेत.

घरच्या मंडळींनीं जिन्यावर रात्रीं दिवा ठेवावा, रोग्याच्या समोर येऊन सावकाश बोलावें, आणि "लक्ष नाहीं" असें म्हणण्यापूर्वीं त्याचा कान तपासून घ्यावा.