नळीतले दहिवर

पौषातल्या पहाटे जबलपूर जिल्ह्यातील मझौलीच्या शिवारात वाटाण्याच्या वेलांवर दहिवर साचलेले दिसते. त्याचे कोणालाच नवल वाटत नाही. पण तेच दहिवर घरात, उशाशी ठेवलेल्या यंत्राच्या नळीत साचले आणि ऐन मध्यरात्री त्याचे थेंब निजलेल्या माणसाच्या नाकावर पडले, म्हणजे सारे घर जागे होते. यंत्र बिघडले अशी सर्वांची खात्री होते. रुग्ण मुखवटा काढून ठेवतो आणि थोड्याच दिवसांत ते यंत्र कपाटात जाऊन पडते. वस्तुतः यंत्रात बहुधा काहीच बिघडलेले नसते. शेतात जो निसर्गनियम चालतो, तोच नळीतही चाललेला असतो. तो समजून घेतला, तर एक मोलाचा उपचार वाया जाण्याचे टळेल.

या यंत्राला डॉक्टर मंडळी ‘सीपॅप’ म्हणतात. काही माणसांच्या घशातील मऊ भाग झोपेत सैल पडतो व श्वासाची वाट बुजते. श्वास दहा-दहा सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ थांबतो. माणूस अर्धवट जागा होऊन पुन्हा श्वास घेतो, आणि हाच क्रम रात्रभर चालतो. मोठ्याने घोरणे हे या विकाराचे बाह्य लक्षण. दिवसाची गुंगी, वाढता रक्तदाब आणि वाहन चालवताना लागणारी डुलकी ही त्याची फळे. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन व त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यावरचा उपाय प्रसिद्ध केला. नाकावाटे किंचित दाबाची हवा सतत देत राहिले, की त्या हवेच्या आधाराने घशाची वाट उघडी राहते. उपाय साधा आहे; मात्र तो रोज रात्री केला तरच गुण येतो.

आता या हवेत पाणी मिसळण्याचे कारण काय? नाक हे केवळ श्वासाचे द्वार नव्हे. बाहेरची हवा फुप्फुसांत पोचेपर्यंत ती ३७ अंश उष्ण आणि बाष्पाने संपृक्त करण्याचे काम ते अहोरात्र करीत असते. अशा एका घनमीटर हवेत सुमारे ४४ ग्रॅम पाणी असते. यंत्राचा झोत सतत वाहू लागला, आणि त्यातून तोंड उघडे राहून हवा निसटू लागली, म्हणजे नाकाचे हे सामर्थ्य अपुरे पडते. घशाला कोरड पडते, नाक चोंदते. म्हणून यंत्राला पाण्याची एक लहान कुपी जोडलेली असते. तिच्यातले पाणी तापते आणि त्यावरून जाणारी हवा ओलसर होते.

येथपर्यंत सर्व ठीक. पुढची गोष्ट जाणण्यासाठी लंडनचे एक वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांचे स्मरण केले पाहिजे. त्यांनी १८१४ साली दवाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. दव आकाशातून पडत नाही. रात्री निवलेल्या पृष्ठभागाला स्पर्श झाल्याने हवेतले बाष्पच तेथे पाणी होऊन बसते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. हवा जितकी थंड, तितके तिच्यात बाष्प कमी मावते. २५ अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प राहू शकते. १५ अंशांना जेमतेम १३ ग्रॅम. कुपीतून निघालेली उबदार, ओली हवा थंड नळीतून जाताना निवली, तर हा वरचा भार तिला नळीच्या भिंतीवर टाकावाच लागतो. मग नळीत गुडगुड सुरू होते आणि थेंब चेहऱ्याकडे येतात. काही यंत्रे श्वासानुसार दाब आपोआप कमीजास्त करतात. नळीतल्या पाण्याने त्यांचीही फसगत होऊ शकते.

ऋतुमानाप्रमाणे हा हिशेब बदलतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मझौलीला थंडीत बाहेर धुके असले, तरी ती थंड हवा नाकाच्या दृष्टीने कोरडीच. कारण १० अंशांच्या हवेत बाष्प मावते ते अवघे नऊ-साडेनऊ ग्रॅम. तेव्हा ओलाव्याची गरज मोठी आणि नळीही थंड, असा दुहेरी पेच पडतो. वैशाखात हवा कोरडी असते, पण नळी थंड नसते. ओलावा वाढवला तरी सहसा थेंब साचत नाहीत. पावसाळ्यात तर खोलीतल्या हवेतच विपुल बाष्प असते; तेव्हा कुपीचे तापमान उतरवावे, आणि वातानुकूलित खोलीत निजणाऱ्याने अधिकच जपावे. वर्षभर एकच आकडा लावून ठेवणे म्हणजे बारा महिने एकच पांघरूण घेणे होय.

उपाय घरगुती आहेत. यंत्र उशीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवावे, म्हणजे साचलेले पाणी चेहऱ्याकडे न येता मागे ओघळते. नळीला जाड कापडाची खोळ घालावी किंवा ती पांघरुणाखालून घ्यावी. खिडकीच्या झोतात अंथरूण घालू नये. एवढ्याने भागले नाही, तर ओलावा एकेक पायरी कमी करून पाहावे. आतून तारेने तापणारी नळीही मिळते. थंड प्रदेशात ती विशेष उपयोगी पडते. मात्र ओलावा हा रुग्णाच्या सोयीचा भाग, तर हवेचा दाब हा डॉक्टरांच्या अधिकारातला. थेंब पडतात म्हणून दाबाला हात लावू नये.

दोन गोष्टी मात्र जिवाशी गाठ घालणाऱ्या आहेत. पांघरूण नळीवर घ्यावे, तोंडावरून नव्हे. मुखवट्याला बारीक छिद्रे असतात. उच्छ्वासाची दूषित हवा त्यांतून बाहेर जाते. थंडीत डोक्यावरून रजई ओढून घेण्याची सवय असलेल्यांनी हे विसरू नये. दुसरी गोष्ट अशी की, खोली उबदार व्हावी म्हणून बंद दाराआड कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आणि हे यंत्र खोलीतलीच हवा ओढून रुग्णाला देत असते. त्या विषापासून ते रक्षण करू शकत नाही.

राहता राहिले पाणी. कुपीत ऊर्ध्वपातित पाणी घालावे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत. त्यांचा पांढरा थर कुपीत बसतो. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून टाकावे, कुपी सौम्य साबणाने धुऊन वाळवावी आणि नळी आठवड्यातून एकदा धुऊन टांगून ठेवावी. शिळ्या पाण्यात जंतू वाढतात, आणि त्याच ओलाव्यातून हवा श्वासात जाते. कुपी भरलेली असताना यंत्र हलवू नये. पाणी आतल्या पंख्यात शिरण्याचे भय असते.

शेतकरी दहिवराला दोष देत नाही. ते कोणत्या रात्री पडणार याचा अंदाज घेऊन तो कामाला लागतो. नळीत थेंब दिसताच यंत्र टाकून देणाऱ्याने हाच धडा घ्यावा. थोडी ऊब, थोडा उतार आणि थोडी स्वच्छता एवढे सांभाळले, तर उशाशी पाणी ठिबकणार नाही, आणि ज्या झोपेसाठी हा सारा खटाटोप, ती झोप रुग्णाला व त्याच्या घरच्यांनाही लाभेल.