तुमचा चहा नक्की कशात आहे?

आजचा एपिसोड छोटा आहे, चहा संपेपर्यंत ऐकून होईल. फक्त तो चहा कशात ओतलाय ते एकदा बघा.

आमच्या टीममधली एक मैत्रीण आई होणारे. तिने विचारलं, "कागदी कप चालतो ना रे?" म्हणून मी वाचायला बसलो.

नुसत्या कागदात चहा टिकणारच नाही, लगेच लिबलिबीत होईल. म्हणून आतून प्लास्टिकचा, बहुतेक वेळा पॉलिथिनचा, पातळ थर असतो. म्हणजे चहाला कागद लागतच नाही! आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासलं. ८५ ते ९० अंशांचं १०० मिली पाणी अशा कपात १५ मिनिटं ठेवलं, तर त्यात प्लास्टिकचे साधारण २५,००० सूक्ष्म कण उतरतात. आता १५ मिनिटं कोण लावतं, असं म्हणाल. आमची स्टँडअप मीटिंग बघा एकदा. या कणांचं शरीरात पुढे काय होतं, यावर संशोधन अजून चालूच आहे. पण मला तेवढी वाट बघायची नाहीये.

आणि ते पार्सल! उकळता चहा थेट पातळ पिशवीत, वर रबर बँड. मला हे कपापेक्षाही वाईट वाटतं.

घरातले ते हलके, न फुटणारे, चिनी मातीसारखे दिसणारे मग? ते मेलामाइनचे असू शकतात. मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइडपासून ते बनतं, आणि ७० अंशांच्या वर दोन्ही चहात उतरू शकतात. आपला चहा त्याहून गरमच असतो. नखाने वाजवून बघा, चिनी माती टण् वाजते, मेलामाइन टक्. त्यात पोहे खा, चहा नको.

मग घ्यायचं काय? स्टील. ३०४ ग्रेड म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. क्रोमियममुळे वर एक संरक्षक थर तयार होतो आणि तो ओरखडा पडला तरी पुन्हा बनतो. बोट भाजतं, तेवढंच. काचही मस्त. चिनी मातीही चालेल, पण आतून भडक रंगवलेला, कुठून आला माहीत नाही असा कप नको, ग्लेझमध्ये शिसं असू शकतं. पितळेचं भांडं असेल तर कल्हई बघूनच.

आम्ही ऑफिसात सहा स्टीलचे ग्लास आणि एक किटली आणलीये. टपरीवाले काका आता किटलीतच चहा देतात. ग्लास घासायचे कोणी, यावर मात्र रोज भांडण. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!