दोष रंगाखाली असतो
(संस्थेच्या तांत्रिक वर्गातील विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मोटारीचे रंगकाम शिकणाऱ्या मुलांशी चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. रंग कसा मारावा हे तुमचे शिक्षक शिकवीतच आहेत. मी रंगाखालच्या दोन थरांविषयी, म्हणजे पुट्टी आणि प्रायमर यांविषयी बोलणार आहे. गाडी दोन-चार महिन्यांत तक्रार घेऊन परत येते, तेव्हा दोष बहुधा याच थरांत असतो.

प्रथम पुट्टी. पॉलिस्टर पुट्टी नुसती वाळत नाही, ती रासायनिक क्रियेने घट्ट होते. त्यासाठी हार्डनर वजनाने साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पुट्टीस २ ग्रॅम लागतो. नेमके प्रमाण डब्यावर पाहावे. तो कमी पडला तर पुट्टी चिकट राहते आणि घासताना पेपर भरतो. जास्त झाला तर उरलेले पेरॉक्साइड वर चढून रंगावर डाग पाडते. उन्हाळ्यात पुट्टी लवकर आवळते, म्हणून घाईने सगळी कालवू नये. चार-पाच मिनिटांत लावून होईल एवढीच घ्यावी. कालवताना फेटू नये. पात्याने दाबून परतावी. फेटल्याने हवा शिरते आणि घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात. ही भोके जाड प्रायमरने बुजत नाहीत, फक्त झाकली जातात. पुट्टीचा पातळ हात दाबून ओढणे हाच त्यावर उपाय.

खड्डा पुट्टीने भरायचा नसतो. पत्रा हातोडी आणि डॉलीने शक्य तितका मूळ आकारात आणावा. घासल्यानंतर पुट्टी २ ते ३ मिलिमीटरहून जाड उरू नये. जाड पुट्टी हादऱ्याने तडकते. पुट्टीत शंखजिऱ्याची पूड असते आणि ती पाणी शोषते. म्हणून ती कोरडीच घासावी : प्रथम ८० नंबरचा पेपर, मग १२०, मग १८०. पाण्याने घासलेली पुट्टी ओल धरून ठेवते. पुढे रंगावर फोड येतात आणि खाली गंज चढतो. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या पुट्टीची गाडी रात्रभर बाहेर ठेवणे म्हणजे हाच दोष हाताने पेरणे होय.

आता प्रायमर. आम्लयुक्त एच प्रायमरवर थेट पॉलिस्टर पुट्टी लावू नये. आम्लामुळे तिची घट्ट होण्याची क्रिया बिघडते. प्रायमरच्या दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ द्यावा. तो दिला नाही तर आत कोंडलेला थिनर पुढे निघत राहतो, थर आक्रसतो आणि पेपरचे ओरखडे व पुट्टीची कड रंगावर उमटतात. जुना रंग शाबूत असेल तर थिनरचे फडके एका कोपऱ्यावर घासून पाहावे. रंग विरघळला किंवा सुरकुतला, तर त्यावर तीव्र थिनरचा प्रायमर मारू नये. कंप्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढावे. तेल, मेण, पॉलिश हे सारे घासण्यापूर्वी पुसावे. नंतर पुसाल तर ते ओरखड्यांत बसलेले असते.

बिघडलेले काम समोर आले, तर लगेच वरून दुसरा हात मारू नका. सुटलेला पापुद्रा काढा आणि उलटा करून पाहा. त्याच्या पाठीवर गंज असेल, तर दोष पत्र्यापाशी आहे : गंज पुरता काढला नव्हता, किंवा ओल शिरली. पुट्टी स्वच्छ सुटून खाली चकचकीत पत्रा दिसला, तर पत्रा खरबरीत केला नव्हता किंवा त्यावर तेलकटपणा होता. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर साधी पुट्टी वापरल्यानेही असे होते. पुट्टी जागेवर राहून नुसता प्रायमर सुटला, तर बहुधा घासल्यानंतरची धूळ पुसलेली नव्हती. ज्या थरात दोष, तिथपर्यंत खरवडून खाली जावे आणि तेथून पुन्हा वर यावे. याला आडवाट नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. दरवाजाखालचा पत्रा किंवा चासीचा भाग गंजून पोखरला असेल, तर तेथे पुट्टी थापणे ही फसवणूक आहे. पुट्टीला आकार असतो, ताकद नसते. टक्कर झाली तर त्या गाडीत बसलेले कुटुंब पुट्टीच्या भरवशावर असते. असा पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल, हे मालकाला स्पष्ट सांगावे. तो रागावून दुसऱ्या गॅरेजात गेला तरी हरकत नाही.

आपल्या शरीराचीही काळजी घ्या. पुट्टीची धूळ फुफ्फुसात जाते. हार्डनर मिसळाव्या लागणाऱ्या अनेक प्रायमरांत आयसोसायनेट असते. त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून त्यापासून बचाव होत नाही. फवारणीला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा. तो मागण्यात कमीपणा मानू नका.

मित्रहो, तुम्ही केलेल्या कामाचा मोठा भाग रंगाखाली जाईल आणि कोणी तो पाहणार नाही. पण दोन पावसाळे गेल्यावर गाडी स्वतःच त्याची साक्ष देईल. ती साक्ष तुमच्या बाजूने असावी, एवढी सदिच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.