गाडीतलं घर

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण)



काल गेटातून आत येताना बहुतेकांनी विचारलं की ती मैदानात उभी असलेली पांढरी गाडी कुणाची? केटरिंगवाल्याची का? ती माझी आहे. संयोजकांनी म्हणून आज पंधरा मिनिटं दिली आणि 'निवृत्तीनंतरचा छंद' असा विषय दिला. छंद म्हणा, पण तो सुरू झाला एका पाण्याच्या बाटलीपासून.

मी बँकेतून निवृत्त झालो. आता फिरायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. पहिल्याच प्रवासात, कोल्हापूर ते हंपी, माझ्या लक्षात आलं की आमची ही सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. बाटली भरलेली, झाकण सीलबंद. विचारलं तर म्हणाली, "वाटेत जायचं कुठं?" पस्तीस वर्षांच्या संसारात मला हे कळलं नव्हतं. समोर बसलेल्या मैत्रिणी माना डोलावताहेत, म्हणजे त्यांना हे सांगायची गरज नाही. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, ढाब्यामागच्या त्या खोल्यांची अवस्था तुम्ही जाणता. गदगच्या पुढं तिचं डोकं दुखायला लागलं आणि हंपीचा निम्मा दिवस लॉजच्या खोलीत गेला. परत येताना ती म्हणाली, "यापुढं तुम्ही एकटेच जात जा." मी गाडी शोधायला लागलो ती त्या वाक्यामुळं.

नवी तयार कॅम्पर व्हॅन परवडणारी नव्हती. रत्नागिरीकडची 2012 ची एक ट्रॅव्हलर मिळाली, मुलांना शाळेत ने-आण करणारी. तीन लाख चाळीस हजार. वरून रंग चकाचक, खालून नवं काळं डांबरी कोटिंग. मी आयुष्यभर लोकांचे कागद तपासले, त्यामुळं गाडीचेही कागदच तपासले. पत्रा कुणी तपासायचा? मुलगा म्हणाला, "बाबा, आधी मला विचारायचं तरी." त्याचं बरोबर होतं.

ती गाडी मी ज्याच्या गॅरेजला नेली, तो आपल्याच वर्गातला. शेवटच्या बाकावरचा. नाव घ्यायचं नाही असं त्यानं बजावलंय, पण तुम्ही ओळखलंच असेल. त्याच्याकडं जायला मला आठ दिवस लागले. त्याचं कारण नंतर सांगतो.

त्यानं गाडीला एक चक्कर मारली, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मागच्या चाकावरच्या पत्र्यावर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. समुद्राकाठची गाडी, खारा वारा. आणि गंजावरच डांबर फासल्यामुळं ओल आत कोंडलेली. "बँकवाल्या, लांबी भरून देऊ का खरं काम करू?" मी म्हटलं, खरं कर. मग दीड महिना तो खराब पत्रा कापत होता, नवा वेल्ड करत होता, झिंक प्रायमर मारत होता. उजव्या बाजूचा फुटबोर्ड अख्खा गेला. त्या दीड महिन्यात मी रोज जायला लागलो. आधी नुसता बसायचो, नंतर सँडपेपर हातात आला.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना यात रस दिसतोय. पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर आणायची म्हणजे परमिट परत करणं, खासगीचा कर भरणं, आसनसंख्या कमी करून घेणं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. आरसीवर जे लिहिलंय ते बदलेल असं काही करायचं तर परवानगी आधी, काम नंतर. सीट काढून टाकायच्या आणि मग आरटीओत जायचं, हा उलटा क्रम करू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. आपल्या राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, पण रात्री गाडी लावायला जागा अजून आपणच शोधायची असते. आम्ही देवस्थानाचं भक्त निवास नाहीतर ओळखीचा पेट्रोल पंप बघतो, आणि विचारल्याशिवाय कुठं थांबत नाही.

आता सुतारकाम. मी घरच्यासारखा 18 मिलिमीटरच्या प्लायचा पलंग आणि कपाटं काढून आणली होती, कागदावर, व्यवस्थित मापं टाकून. मित्रानं कागद बघितला आणि काही न बोलता मला उसाच्या वजनकाट्यावर घेऊन गेला. गाडी रिकामी तोलली. मग म्हणाला, आता बेरीज कर, हिशेबातला माणूस ना तू. आठ बाय चारची 18 ची एक शीट साधारण तीस किलो. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, त्यात घासाघीस नाही. बॅटरी, फ्रीज, भांडी, गाद्या, आम्ही दोघं. सगळं माझ्या नकाशात एकाच बाजूला. घाटात वळणावर गाडी कुठं कलणार, हे मला तेव्हा उमगलं. शेवटी सांगाड्याला अॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप, वर 6 मिलिमीटरचा प्लाय, पाण्याची टाकी एका बाजूला तर बॅटरी दुसऱ्या.

विजेचं काम मात्र मी हट्टानं स्वतः केलं आणि तिथंच आपटलो. सर, तुम्ही आठवीत फळ्यावर लिहिलं होतं, शक्ती बरोबर विभवांतर गुणिले धारा. मी पाठ केलं, मार्क मिळवले, विसरलो. घरी 230 व्होल्टवर हजार वॉटला साडेचार अँपिअरसुद्धा लागत नाहीत. बारा व्होल्टवर त्याच हजार वॉटला ऐंशीच्या वर लागतात. मी इन्व्हर्टरला घरातल्या जाडीची वायर लावली. राधानगरीच्या पुढं, फोंडा घाट उतरायच्या आधी चहासाठी थांबलो, हिनं किटली लावली आणि दोन मिनिटांत गाडीत जळका वास. नशिबानं बॅटरीशेजारी फ्यूज होता, तो उडाला. तो फ्यूजही मी नव्हता बसवला. मी घरी गेल्यावर मित्रानं गुपचूप बसवून ठेवला होता.

आता वायर जाड आहे आणि किटली गेली. छतावर दोनशे वॉटचं सोलर पॅनेल, खाली शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. फ्रीज, पंखा, दिवे, मोबाइल एवढं तिच्यावर चालतं. पावसाळ्यात सोलरच्या भरवशावर राहू नये. स्वयंपाक शक्यतो गाडीबाहेर, ताडपत्रीखाली. छोटा सिलिंडर वेगळ्या पेटीत, आणि त्या पेटीच्या तळाला बाहेर उघडणारं भोक. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, वरची खिडकी उघडून उपयोग नाही. हे भोक पाडायला मी तयार नव्हतो, नवीन पत्र्याला कशाला म्हणून. मित्रानं न विचारता ड्रिल लावलं.

आणि मागच्या कोपऱ्यात, दार लावता येईल अशी अडीच फुटांची खोली. त्यात खुर्चीच्या उंचीचं, टाकी वेगळी काढून रिकामी करता येणारं टॉयलेट. बाजूला धरायला दांडा. तो दांडा किती उंचीवर हवा, हे ठरवायला मित्रानं हिला गॅरेजमध्ये बोलावून घेतलं, "वहिनी, बसून हात कुठं जातो ते दाखवा," आणि खडूनं खूण केली. गाडीत सगळ्यांत जास्त विचार करून केलेली वस्तू तीच आहे.

आता मघाचं. 2001 साली मी आपल्याच तालुक्याच्या शाखेत होतो. त्यानं लेथ मशिनसाठी कर्ज घेतलं होतं, हप्ते थकले होते. नोटिशीवर माझी सही होती. त्याला लेथ विकावी लागली. त्यानंतर आम्ही बाजारात समोरासमोर आलो तर एकजण रस्ता बदलायचा. बहुतेक वेळा मी.

एका संध्याकाळी, वेल्डिंग थांबलं होतं, मी विषय काढला. नियमच तसा होता, माझ्या हातात काही नव्हतं, असं बरंच बोललो. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "नोटिशीचा राग नव्हता रे. कर्ज माझं होतं. तू चार गल्ल्या पलीकडं राहत होतास. घरी येऊन आधी सांगितलं असतंस तर मी आईला तरी तयार केलं असतं. तिनं ते पोस्टमनकडनं घेतलं." मला उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही. त्यानं चष्मा लावला आणि परत काम सुरू केलं. मी पत्रा धरून उभा राहिलो.

बिलात त्यानं एक रुपयाही सोडला नाही आणि मीही सोड म्हटलं नाही. सगळं मिळून चार लाखांच्या थोडं वर गेलं.

गेल्या महिन्यात आम्ही परत हंपीला गेलो. हुबळीपर्यंत हिची एक बाटली संपली होती. गदगला दुसरी भरून घेतली. मी काही बोललो नाही, आरशात बघितलं फक्त. विठ्ठल मंदिराच्या आवारात ती माझ्यापेक्षा जास्त चालली.

तो आत्ता सभागृहात नाही. सकाळी आला तेव्हा मागच्या दाराचं रबर सुटलंय असं त्याच्या लक्षात आलं, ते चिकटवत बसलाय. गाडी बघायला या, मात्र एका वेळी चौघंच. चप्पल बाहेर काढा. आणि चहा मागू नका, किटलीचं मघाशी सांगितलंय.